हू म्हन, नाही तं गोष्ट थांबते

आमच्याकडे जागलीचा एक नियम होता. एकानं गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानं दर वाक्यानंतर ‘हू’ म्हणायचं. याला हुंकारा देणं म्हणतात. हुंकारा बंद पडला की मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, होते तिथंच थांबायचे. राजाचा मुलगा घोड्यावर चढत असला तर त्याचा एक पाय रिकिबीत, एक हवेत, असा तो लटकून राहायचा. “हू म्हन ना बे, झोपला का?” असा दम मिळाला की कोणीतरी दचकून ‘हू’ करायचं आणि राजाचा मुलगा एकदाचा खोगिरावर बसायचा.

ज्यांनी जागल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरभऱ्याला घाटे धरले, तुरीच्या शेंगा भरल्या की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, एका रात्रीत अर्धं वावर आडवं करतात. म्हणून घरचं कोणीतरी रात्री वावरातच राहतं. सोबत शेकोटी, घोंगडी, वाजवायला टिनाचा डबा आणि घरी झोप न येणारे दोन-चार पोट्टे. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडचं, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, आणि तुरीचं. मी त्या पोट्ट्यांपैकी एक.

तेव्हा वाटायचं, हू म्हणायला लावणं ही मोठेबाबांची खोड आहे. गोष्टी माणसाला आणि समाजाला कशा घडवतात, याबद्दल पुढं बरंच वाचलं, तेव्हा कळलं की त्या एका अक्षरात निम्मा विषय आहे. उरलेला निम्मा सांगायला जरा वेळ लागेल.

डोकं मुळातच गोष्टीवेल्हाळ

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक अगदी छोटी चित्रफीत तयार केली. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दारासारखी उघडणारी एक चौकट. या आकृत्या पडद्यावर इकडून तिकडे सरकतात, एवढंच. ती ३४ जणांना दाखवली आणि काय दिसलं ते लिहायला सांगितलं. आकृत्या सरकल्या असं कोरडं वर्णन करणारा एकच निघाला. बाकीच्यांना तिथं जिवंत पात्रं दिसली. मोठा त्रिकोण दांडगट, लहान त्रिकोण हिमतीचा, वर्तुळ बिचारं घाबरलेलं.

हे वाचून मला फारसं नवल वाटलं नाही. गावात एखाद्या घराला दोन दिवस कुलूप दिसलं तर तिसऱ्या दिवशी पारावर सविस्तर वृत्तांत तयार असतो.

जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये मांडलं की माणूस दोन तऱ्हांनी विचार करतो. एक तऱ्हा पुराव्याची आणि नियमाची, दुसरी गोष्टीची: कोण, कशासाठी, मंग काय झालं. पऱ्हाटी का गेली असं कृषी सहायकाला विचारा. तो बोंडअळीचं नाव सांगेल, फवारणी किती दिवसांनी हवी होती ते सांगेल. तेच कास्तकाराला विचारा. तो म्हणेल, औंदा बियाणं उधारीवर मिळायला उशीर झाला, कारण मागची उधारी राहिली होती, कारण पोरीचं लग्न काढलं होतं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण पहिल्यात कास्तकार कुठंच नाही, दुसऱ्यात तोच नायक आहे. माणसाला स्वतःचा पत्ता लागतो तो दुसऱ्या तऱ्हेच्या उत्तरात.

एक विहीर, दोन गोष्टी

मी तिसरीत असताना आमची विहीर बसली. पावसाळ्यात एका बाजूचं बांधकाम खचलं आणि मोटरीसकट सगळं गाळात गेलं. विहिरीसाठी काढलेलं कर्ज तसंच उभं राहिलं. ही घटना. यात कोणाचा वाद नाही.

मोठेबाबा ही घटना आयुष्यभर एका वाक्यात सांगत आले: “विहीर बसली, अन् घर बसलं.” त्यांच्या सांगण्यात विहिरीच्या आधी सगळं चांगलं होतं. ओलीत होतं, संत्र्याची कलमं लावायचा बेत होता, बैलजोडी अशी होती की पोळ्याला लोक बघायला यायचे. विहिरीनंतर काहीच धड झालं नाही.

माझे वडील तीच घटना वेगळी सांगतात. गाळातून मोटर वर काढली, दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी ती अंगणात स्वतः उघडली आणि पुन्हा काही केल्या जोडता येईना. त्या हट्टापायी ते आर्वीला एका दुकानात बिनपगारी बसले, वायंडिंग शिकले आणि दोन वर्षांनी गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं. व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटरी जळण्याचा आमच्या भागात कधीच दुष्काळ नसतो. “विहीर बसली नसती तं म्या वायंडिंग शिकलोच नसतो,” हे त्यांचं वाक्य.

सख्खे भाऊ. विहीर एक, कर्ज एक, घरही एक.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे डॅन मॅकअॅडम्स १९८० च्या दशकापासून लोकांना आपापल्या आयुष्याची गोष्ट सांगायला लावत आले आहेत. आयुष्याची प्रकरणं पाडा, सगळ्यात चांगला प्रसंग सांगा, सगळ्यात वाईट सांगा, वळणाचा सांगा, असं ते विचारतात. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या माणसाची ओळख म्हणजे नाव, गाव, जात आणि धंदा यांची यादी नसते. काल काय झालं, म्हणून आज मी असा आहे आणि म्हणून उद्या तसा होईन, हे जोडणारी जी गोष्ट माणूस मनात रचून ठेवतो, तिच्यात ती ओळख असते. त्यांना दोन घाट वारंवार दिसले. एकात वाईट घडतं आणि त्यातून काहीतरी बरं निघतं. दुसऱ्यात चांगलं चाललेलं असतं आणि एका घटनेनं सगळं नासतं, दुधात मिठाचा खडा पडावा तसं. पुढच्या पिढीसाठी खपणाऱ्या माणसांच्या सांगण्यात पहिला घाट जास्त आढळला, मन खचलेल्यांच्या सांगण्यात दुसरा.

इथं एक खोडा आहे. यातून ‘गोष्ट बदला, आयुष्य बदलेल’ असा अर्थ काढणारे व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं येतात. मोठेबाबांना असं कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वावरातून हाकलला असता. गोष्ट बदलल्यानं सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही. आणि माझे वडील धाकटे होते, आर्वीला जाऊन बसू शकत होते. मोठेबाबांच्या नावावर कर्ज होतं आणि पदरात तीन लेकरं होती. प्रत्येकाला मिळालेली गोष्ट त्याच्या जागेवरून मिळाली होती. मॅकअॅडम्स यांनीही म्हटलंय की वाईटातून चांगलं निघण्याचा घाट अमेरिकेला खास आवडणारा आहे. प्रत्येक समाज आपल्या लोकांना गोष्टीचे तयार साचे पुरवतो, विटाभट्टीवर असतात तसे. आपल्याकडचा एक जुना साचा व्रताच्या कहाणीचा. आटपाट नगर, घेतलेला वसा, भरभराट, मग विसर आणि मद, मग वाताहत, मग पुन्हा वसा. मोठेबाबांच्या गोष्टीत नीट पाहिलं तर हाच साचा दिसतो. विहीर खोदताना पाटावर नारळ फोडायचं राहिलं होतं, असं ते मधेच सांगायचे. फक्त त्यांची कहाणी वाताहतीवर थांबली, सुफळ संपूर्ण झाली नाही.

लहान मुलांना हे जमत नाही. ती प्रसंग सांगतात, पण ‘म्हणून मी असा झालो’ हा सांधा त्यांच्याकडून जुळत नाही. टिलमन हाबरमास आणि सुझन ब्लक यांनी २००० साली दाखवलं की हे जोडकाम साधारण किशोरवयात जमू लागतं. जागलीवर पोट्टे नेमके त्याच वयाचे असायचे, हा योगायोग असेल.

तडस, बिबट, वाघ

आठवण म्हणजे कोठीत ठेवलेलं धान्य नव्हे, की टाकलं तेवढंच निघावं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी अजून सांगितला जातो. इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली आणि नंतर काही काळानं ती पुन्हा पुन्हा लिहून घेतली. दर वेळी कथा आखूड होत गेली आणि हळूहळू इंग्रज होत गेली. झाडाच्या खोडाची होडी साधी नाव झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, भुतांचा न कळणारा भाग गळून गेला. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकजण आपल्या ओळखीच्या मापानं कथा कापून घेत होता.

मोठेबाबांना एकदा जागलीवर तडस दिसलं होतं. माझ्या लहानपणी ते तडसच होतं. मी कॉलेजात गेलो तोवर त्याचा बिबट झाला. माझ्या मुलांनी ऐकलं तो चक्क वाघ होता. मी टोकलं, तर मोठेबाबा शांतपणे म्हणाले, “तवा अंधार होता, आता समजून राह्यलं.” त्यांचंही अगदीच चुकलं नाही. २०१४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या बोरला व्याघ्र प्रकल्प झाला, वाघाच्या बातम्या रोजच्या झाल्या आणि आजच्या ऐकणाऱ्याला तडसाची भीती वाटेनाशी झाली. ऐकणारा बदलला तसं जनावर बदललं.

शेजारच्याच वऱ्हाडात साडेसातशे वर्षांपूर्वी एका माणसाला ही अडचण पक्की ठाऊक होती. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, १२७८ च्या सुमारास. त्यातून लीळाचरित्र झालं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. स्वामी निघून गेलेले, मागं राहिलेले लोक आठवणींवर जगणारे. म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन विचारलं. पुढं धामधुमीत मूळ पोथी गेली आणि भक्तांनी पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असं महानुभाव परंपरा सांगते. त्यामुळं त्याचे वेगवेगळे पाठ झाले. मला भावतं ते हे की एकाची आठवण एक आणि दुसऱ्याची दुसरी, असं असलं तर तो फरक पुसून न टाकता नोंदवून ठेवण्याची रीत त्या लोकांनी पाळली. आमच्या घरात विहिरीच्या दोन गोष्टींवरून दोन भाऊ दिवाळीत जेवताना भांडायचे. पंथानं मात्र फरक सांभाळून एक समाज शेकडो वर्षं टिकवला.

ऐकणाऱ्याचं काम

आता त्या ‘हू’कडे येतो.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जेनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. एकानं आपल्यावर बेतलेला, थोडक्यात निभावलेला प्रसंग दुसऱ्याला सांगायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप वेगळं काम दिलेलं: समोरचा बोलतोय त्यात ‘टी’ अक्षरानं सुरू होणारे शब्द मोजा. सांगणाऱ्याला हे माहीत नव्हतं. ऐकणारा तोंडाकडे बघत होता, पण योग्य जागी ‘अरे बाप रे’ येत नव्हतं. परिणाम असा की सांगणाऱ्याचीच गोष्ट बिघडली. सगळ्यात जास्त बिघडली ती शेवटाकडे, जिथं जीव वाचतो तिथंच. लोक शेवट गुंडाळू लागले, तोच तो पुन्हा सांगू लागले, ‘म्हणजे तसं फार काही नव्हतं’ अशी सारवासारव करू लागले.

युटा विद्यापीठातल्या मोनिशा पसुपथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आणखी पुढं नेलं. लक्ष नसलेल्या माणसाला आपला अनुभव सांगितला की त्या अनुभवातून ‘मी असा आहे’ ही जी खात्री मिळायची असते, तीच डळमळते. ऐकणारा वाद घालणारा असला तरी चालतो. तो निदान ऐकत तरी असतो.

मोठेबाबांची खोड ती हीच. हुंकारा नसला तर गोष्ट पुढं सरकत नाही, हे कोणतंही पुस्तक न वाचता त्यांना माहीत होतं.

आमच्याच मुलखात आणखी एकानं हे ओळखलं होतं आणि त्याचा हत्यारासारखा वापर केला. गाडगेबाबा, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या हजारो माणसांना विचारलेल्या प्रश्नांची रांग. देव किती? समोरून उत्तर यायचं, एक. मग गावोगावच्या देवांची नावं घेऊन, हा तुमच्या गावात आहे का, तो आहे का, असं विचारत जायचे आणि लोक होय-होय म्हणत जायचे. शेवटी एक देव म्हणणाऱ्या लोकांनी स्वतःच्याच तोंडानं देवांची रांग लावलेली असायची. बाबा फक्त हिशेब विचारायचे. दुसऱ्यानं सांगितलेलं माणूस विसरतो, स्वतः बोललेलं त्याला चिकटून बसतं.

अमेरिकेत, एमरी विद्यापीठात, मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांना घरच्यांबद्दल वीस प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठं वाढले, आई-वडील कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे. ज्या मुलांना जास्त माहिती होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे असं त्यांना जास्त वाटत होतं. आता कोणी उठून पोरांकडून वीस उत्तरं पाठ करून घेईल तर काही होणार नाही. जिथं जेवताना, निंदताना, प्रवासात अशा गोष्टी निघतात, त्या घरात माणसं एकमेकांजवळ बसतात, आणि खरं काम ते बसणं करतं. ड्यूक यांच्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट ती, ज्यात घर चढलं, पडलं, पुन्हा सावरलं. आमच्या घरात या न्यायानं दोन्ही भावांच्या गोष्टी अर्ध्या-अर्ध्या होत्या.

शेकोटीपासून समाजापर्यंत

एका घरातून एका समाजाकडे जाताना विषय मोठा होतो, पण शेकोटी तीच राहते. मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी कलहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांची बोलणी नोंदवली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसा बोलणं कामाचं, तक्रारींचं, कुचाळक्यांचं. गोष्टी जेमतेम ६ टक्के. रात्री शेकोटीजवळ ८१ टक्के बोलणं गोष्टींचं. दूरच्या नातलगांच्या, लग्नांच्या, भांडणं कशी मिटली त्याच्या. फिलिपिन्समधल्या आग्ता लोकांवरचा अभ्यास २०१७ चा. ज्या वस्तीत चांगले गोष्ट सांगणारे जास्त, त्या वस्तीतली माणसं वाटपाच्या खेळात एकमेकांना जास्त देत होती. त्यांच्या एका गोष्टीत सूर्य आणि चंद्र आभाळ कोणी उजळायचं यावरून भांडतात आणि शेवटी दिवस-रात्र वाटून घेतात. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून दुसराही वाटून घेईल असा भरवसा धरता येतो.

गोष्ट कायद्याचं काम कसं करते ते पाहायचं तर गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला जावं, माघ पौर्णिमेला. गोंड समाजाची कथा अशी की तेहतीस मुलं तिथल्या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवलं आणि मग त्यांची कुळं लावून दिली. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी विभागणी झाली आणि एकाच विभागणीत सोयरीक करायची नाही असं ठरलं. आजही सोयरीक जुळवताना तुम्ही किती देवांचे, हे विचारलं जातं. म्हणजे गुहेतून मुलं बाहेर आली या गोष्टीवर आज कोणाचं लग्न कोणाशी होईल हे ठरतं. ही वंशकथा पिढ्यानपिढ्या सांभाळली परधानांनी, म्हणजे गोंडांच्या कथा गाणाऱ्या समाजानं. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरचे मिशनरी, त्यांनी लिंगोचं गाणं एका परधानाकडून ऐकून उतरवून घेतलं होतं. हिस्लॉप वारल्यावर १८६६ मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ते छापलं. त्यात आकडे वेगळे आहेत, तपशील वेगळे आहेत. लीळाचरित्रासारखंच.

दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट

कधी कधी समाजातल्या एका मोठ्या भागाची गोष्ट दुसरेच सांगतात, आणि ती गोष्ट त्यांना गावकुसाबाहेर ठेवते. तुम्ही खालचे का, तर मागच्या जन्मी पाप केलं म्हणून. ही गोष्टच आहे, आणि ती शेकडो वर्षं चालली, कारण देवळात, पारावर, पंगतीत सगळीकडे तिला हुंकारा मिळत होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं ते सांगितलं. ज्या नाग लोकांनी बौद्ध धम्म भारतात पसरवला त्यांची ही भूमी आहे, असं ते म्हणाले. इथं काय झालं ते नीट पाहू. जुनी गोष्ट म्हणत होती की तुमचा भूतकाळ पापाचा. नवी गोष्ट म्हणाली, तुमचे पूर्वज धम्म वाहून नेणारे होते आणि तुम्ही परत घरी येत आहात. आणि ती नुसती ऐकवली नाही. बावीस प्रतिज्ञा समोरच्या लोकांनी उभं राहून स्वतःच्या तोंडानं म्हटल्या.

आमच्या गावात एक आजोबा होते. वय विचारलं की म्हणायचे, “दीक्षेच्या वक्ती दहा सालाचा होतो.” गावातले बाकीचे म्हातारे आपलं वय दुष्काळावरून, पुरावरून सांगायचे. एकाच गावात दोन कालगणना होत्या, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पण नवी गोष्ट सांगितली म्हणजे ऐकणाऱ्यानं मान्य केली, असं होत नाही. गावातली निम्मी माणसं जुन्याच नावानं हाक मारत राहिली. सरकारदरबारीही वेळ लागला. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्राच्या यादीत जागा मिळाली ती १९९० मध्ये. मधे चौतीस वर्षं गेली. त्या काळात ही ओळख तगली ती भीमगीतांनी, जयंतीच्या मिरवणुकांनी आणि विहारात संध्याकाळी बसणाऱ्या बायांनी. आपला हुंकारा त्यांनी आपणच दिला.

गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या भागाला आणखी एक गोष्ट चिकटली. पुण्या-मुंबईत गाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो: “हो का, म्हणजे त्या आत्महत्यांच्या...” २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वर्धा त्यातला एक. कॅमेरेही आले. संकट खोटं नव्हतं, आजही नाही. पण तेव्हापासून आमच्या भागाला बाहेरून एकच प्रश्न विचारला जातो आणि एकाच उत्तराला हुंकारा मिळतो.

याचा सगळ्यात कठीण भाग मागं राहिलेल्या बाईच्या वाट्याला येतो. सरकारी मदत मिळायची तर प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. म्हणजे मान्यताप्राप्त ठिकाणचं कर्ज हवं, ते फेडता येत नव्हतं हे दिसायला हवं, वसुलीचा तगादा हवा. सावकाराची चिठ्ठी नसते, जमीन सासऱ्याच्या नावावर असते, मग प्रकरण ‘अपात्र’. तिला आपल्या नवऱ्याची गोष्ट अर्जाच्या चौकटीत बसेल अशी सांगावी लागते. तो चांगला भजन म्हणायचा, बैलांना लेकरासारखं जपायचा, यासाठी अर्जात रकाना नाही.

म्हणून मला पोळ्याच्या झडत्या महत्त्वाच्या वाटतात. तोरणाखाली बैल उभे असतात, एकजण पुढं होऊन झडती म्हणतो. त्यात कापसाचा भाव येतो, पुढारी येतो, विमा कंपनी येते, गावातला कंजूष दुकानदारही येतो, आणि प्रत्येक झडतीला अख्खं गाव ‘हर बोला हर हर महादेव’ करून हुंकारा देतं. आपल्यावर आलेलं संकट आपणच, आपल्या शब्दांत, हसत सांगण्याची ती जागा आहे. पूर्वेकडे धान निघाल्यावर झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात, तीही तशीच. देसाईगंज-वडसा हे त्यांचं केंद्र, आणि २०२३ मध्ये झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण नाटकांवर वेगळं लिहावं लागेल.

तिसरी गोष्ट

हा लेख लिहायला घेतला तेव्हा लक्षात आलं की विहिरीच्या दोन गोष्टी मला पाठ आहेत, पण मोठीमायला, मोठेबाबांच्या बायकोला, मी कधी विचारलंच नव्हतं. जागलीवर बाया नसायच्या. त्यांच्या गोष्टींना जातं होतं, निंदणीची पात होती, आणि पोरी असताना भुलाबाईची गाणी होती, ज्यांत सासरची सगळी गाऱ्हाणी मांडता येतात आणि शेवटी खाऊ ओळखून खाता येतो. मोठीमाय आता ऐंशीच्या घरात आहे. मोठेबाबा जाऊन चार वर्षं झाली.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ती ओट्यावर तूर पाखडत होती. म्हटलं, “मोठीमाय, विहीर बसली तवा काय झालं होतं?”

ती थोडा वेळ सूप हलवत राहिली. “तुह्या बाबानं सांगतलं असंन ना.”

“बाबाचं ऐकलं. मोठेबाबाचं बी ऐकलं. तुमचं सांगा.”

मग ती सांगू लागली. विहीर बसली तेव्हा तिला सहावा महिना होता. विहिरीत फक्त ओलीत नव्हतं, घरचं पिण्याचं पाणीही तिथलंच होतं. त्यानंतर दोन उन्हाळे तिनं नाल्यात झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरलं. तिथंच तिची पलीकडच्या वस्तीतल्या एका बाईशी गाठ पडली. दोघी आळीपाळीनं झिऱ्यावर बसायच्या, एकमेकींचे पाण्याचे गुंड उचलून द्यायच्या. एकमेकींच्या घरचं पाणी प्यायची गावात रीत नव्हती, पण झिऱ्यावर कोण बघतं? दोन्ही भावांच्या गोष्टींत ही बाई नव्हती, हा नालाही नव्हता. चाळीस वर्षं झाली, त्या दोघी अजून संक्रांतीला भेटतात, म्हणे.

ती बाळंतपणाच्या रात्रीपर्यंत आली होती, तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. मी काढून बघितलं. कोणाचा तरी ‘सुप्रभात’ होता, दुपारी चारला.

मान वर केली तर मोठीमाय गप्प बसलेली. हातातलं सूप थांबलेलं, तुरीचे दाणे काठावर.

मी फोन उलटा करून ओट्यावर ठेवला.

“हू,” म्हटलं.

“मंग,” ती म्हणाली, “रातच्याले पाऊस सुरू झाला...”